कटरेंच्या फायलीतली पत्री

आमच्या धंद्यात माणूस समोर येऊन बसला की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो. "हे तुम्ही आजवर कोणाला दाखवलंय का?" उत्तर "नाही" आलं तर पुढचं बोलायचं, "हो" आलं तर चहा पाजून वाटेला लावायचं. बालाघाटात उत्तर ठरलेलं. "दाखवलं ना मॅडम! सबको दिखाया. कलेक्टरसाहेबांनासुद्धा दाखवलं." आणि हे सांगताना चेहऱ्यावर असं समाधान, की आता पेटंट माझ्या टेबलाच्या खणातच पडलंय आणि मी ते काढून फक्त हातात द्यायचं आहे.

मी पेटंट एजंट होते. आता काम थांबवलंय, म्हणून चिडून लिहायला मोकळी झाले. नागपूरला एका फर्ममध्ये सोळा वर्षं काढली, मग आईच्या आजारपणामुळे बालाघाटला परत आले आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. लोक जमिनीचे फेरफार, पेन्शन, रेशनकार्ड असलं सगळं घेऊन यायचे. पाटीवर "पेटंट" लिहिलेलं असूनही यायचे. त्यांना पिटाळून उरलेल्या वेळात मी माझं काम करायचे.

पेटंट म्हणजे काय, हे सांगते. एखाद्याने नवी वस्तू किंवा नवी युक्ती काढली, ती सरकारला नीट लिहून दिली, तर सरकार म्हणतं, वीस वर्षं ही तुझी, दुसऱ्या कोणी बनवली तर त्याला अडव. अट एकच. अर्ज करण्याआधी ती जगाला माहीत नसली पाहिजे. स्वतः शोधणाऱ्यानेही ती चार लोकांत मांडलेली चालत नाही. हे एवढं वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा रामाचं नाव घेतलं असतं तर मोक्ष मिळाला असता.

मलाजखंडहून एक निवृत्त इंजिनिअर आले होते. पाण्यात बुडाला तरी न बिघडणारा प्लग त्यांनी केला होता, आणि खरंच चांगला केला होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. कॉलनीच्या गणपतीत त्यांनी तो प्लग काचेच्या हंडीत बुडवून अख्ख्या मांडवाची रोषणाई चालवून दाखवली होती. पेपरात फोटो, खाली आतली रचना समजावणारं चित्र, शेजारी त्यांची मुलाखत. "पुरावा आणलाय," म्हणाले. पुरावा तर होताच, फक्त त्यांच्याच विरुद्ध. दुसरे एक गृहस्थ याच्या बरोब्बर उलट. फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन तीनदा आले आणि तीनदा तो न उघडता परत घेऊन गेले. "तुम्हाला दाखवलं आणि तुम्हीच चोरलं तर?" अजूनही त्या डब्यात काय होतं ते मला माहीत नाही. देवालाही माहीत असेल की नाही, शंका आहे.

माझ्याकडे सर्वांत जास्त भांडणं आली ती कनेक्टरची. कॉम्प्युटरच्या पाठीमागे आपण ज्या वायरी खुपसतो, त्यांच्या टोकाचा जो भाग असतो, तो कनेक्टर. बाहेरून पाहिलं तर काही नाही, प्लास्टिकचं टोपण आणि पिना. पण सगळं जग त्या टोकावर लटकलेलं असतं. वायर घट्ट बसली पाहिजे, हव्या त्या वेळी सुटली पाहिजे, धूळ आत जाता कामा नये, गेली तर अडता कामा नये. या चार गोष्टींसाठी लोक शेकडो पेटंटं घेतात आणि नखाएवढ्या पितळी पत्रीच्या वळणावरून एकमेकांना कोर्टात खेचतात. त्यातलं एक भांडण माझ्या गळ्यात पडलं. ते मी जन्मात विसरणार नाही.

शालिकराम बावनकर यांचं गोंदिया रोडला वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल, चार कामगार. सगळे त्यांना शालिकभाऊ म्हणतात. आमच्या भागात मँगनीज, तांबं, धान, सगळंच ट्रकने जातं, म्हणून ट्रक तोलणारे धर्मकाटे पावलोपावली. काट्याचं वजन केबलमधून कॉम्प्युटरमध्ये जातं आणि पावती निघते. आता काट्यावरून दिवसभर ट्रक धडधडत जाणार, मँगनीजची काळी भुकटी उडणार, मग केबलचं टोक ढिलं होणार, पिनांवर धूळ बसणार आणि वजन नाचायला लागणार. काट्याच्या कंपनीचा माणूस जबलपूरहून येईपर्यंत काटा बंद. शालिकभाऊंनी यावर एक कनेक्टर केला. आत एकच वाकवलेली पितळी पत्री. टोक आत सरकवताना ती पिनांना घासून धूळ काढते आणि शेवटी स्वतःच खिट्टीसारखी अडकून बसते. पुसणं आणि कुलूप, दोन्ही कामं एका पत्रीत. धर्मकाटेवाले भाऊंना डोक्यावर घेऊन नाचायचे.

एक दिवस ते रजिस्टर्ड पाकीट घेऊन आले.

"ताई, हे इंग्रजीत धमकी देऊन राह्यले का मले?"

धमकीच होती. दिल्लीकडच्या एका कंपनीने तशाच पत्रीचं पेटंट घेतलं होतं आणि भाऊंनी ताबडतोब माल बनवणं थांबवावं, साचे मोडून टाकावेत, पुन्हा बनवणार नाही असं लिहून द्यावं, नाहीतर दावा दाखल करू, असं म्हटलं होतं. वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम त्या कनेक्टरवर चालायचं. तो थांबला की लेथसुद्धा विकावी लागली असती.

"पण हे तर मी नऊ वर्सापासून बनवून राह्यलो जी," भाऊ म्हणाले. "तुमालेच नाही का आणून दाखवलं होतं पहिल्यांदा?"

दाखवलं होतं. मला आठवलं आणि मान खाली गेली. नऊ वर्षांपूर्वी ते तो कनेक्टर रुमालात घेऊन आले होते. मी नागपूरच्या एका कामात बुडालेली होते. हातात घेतला, वरखाली फिरवला आणि म्हटलं, "भाऊ, असले कनेक्टर ढिगाने असतात, यात पेटंट घेण्यासारखं काही नसतं." उघडून पाहिलासुद्धा नाही. युक्ती सगळी आत होती आणि मी बाहेरचं टोपण बघून निकाल दिला. त्या दिवशी पाच मिनिटं दिली असती, तर दिल्लीच्या कंपनीने भाऊंकडे परवानगी मागितली असती. आता साक्ष द्यायची म्हटली तरी मी काय सांगणार? टोपण पाहिलं, एवढंच.

तरी हाय खायचं कारण नव्हतं. पेटंट मंजूर झाल्यापासून वर्षभरात कोणालाही त्याला हरकत घेता येते. त्यातले आठ महिने गेले होते, चार उरले होते. कंपनीने अर्ज केला सहा वर्षांपूर्वी. त्याच्या आधीपासून ही पत्री उघडपणे वापरात होती, हे दाखवलं की पेटंट रद्द. आणि भाऊ तर तीन वर्षं आधीपासून विकत होते. पोरखेळ आहे, असं वाटलं मला. इथेच माझं चुकलं.

"सगळ्यात पहिला नग कुठं आहे?" मी विचारलं.

"गंगेत."

"कुठल्या गंगेत?"

"आपल्या वैनगंगेत जी." भाऊ शांतपणे म्हणाले. "आमच्या बाबानं सांगून ठेवलं हाय. नव्या वस्तूचा पहिला नग विकाचा नाई. विश्वकर्म्यापुढी ठेवाचा, अन् दुसऱ्या दिवशी मूर्तीसंगं नदीत शिरवाचा."

मी डोळे मिटून दहा आकडे मोजले. पूजेचा फोटो होता का? होता. वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरात तारखेसकट होता. मूर्ती, समोर लेथ, लेथवर कनेक्टर, आणि कनेक्टरवर झेंडूची एवढी मोठी माळ. पत्रीचं सोडा, कनेक्टरच दिसत नव्हता. देवाला सगळं दिसलं असेल, पण देव प्रतिज्ञापत्र करत नाही.

बिलबुकात लिहिलेलं, "केबल काम, नग १." नकाशा? "डोक्यात हाय ना." बरं, दुसरा नग? तो तिरोडीच्या एका काट्यावर आजही चालू आहे, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिरोडीला गेलो. काटेवाल्याची मिनतवारी करून काटा अर्धा तास बंद ठेवला, मी फोटोसाठी पट्टी लावली, भाऊंनी टोपण उघडलं. आत पत्री लख्ख. नव्या ताटासारखी.

"भाऊ, ही नवी दिसतेय."

"नवीच हाय. मागच्या पूजेले बदलली."

मग हळूहळू बाहेर आलं. दरवर्षी विश्वकर्मा पूजेच्या आधी हा गृहस्थ पंधरा दिवस जिल्हाभर फिरतो, विकलेला एकूणएक कनेक्टर उघडतो, साफ करतो, जुनी पत्री काढून नवी बसवतो. फुकट. आणि जुन्या पत्र्या?

"गाळून टाकतो जी. पितळ वाया काहून घालवाचं?"

हट्ट्याला गेलो, तीच गत. वारासिवनीला गेलो, तीच गत. सबंध जिल्ह्यात सहा वर्षांपूर्वीची एक पत्री शिल्लक नव्हती. आयुष्यात मी बेइमान माणसांनी पुरावा नष्ट केलेला पुष्कळ पाहिला. चांगुलपणाने, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मोटारसायकलवर फिरून स्वतःचाच पुरावा इतका बिनचूक नष्ट करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. "कशाला पण हे?" मी अक्षरशः ओरडले. "कोणी सांगितलं होतं फुकटात पत्र्या बदलायला?"

भाऊ दुसरीकडे बघत म्हणाले, "असंच जी. गिऱ्हाइकाचं समाधान."

ते बघणं मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मी त्या वेळी रागावण्यात गुंतले होते.

तीन महिने असे गेले. व्यापारी घाबरले, नव्या ऑर्डरी थांबल्या, चारपैकी दोन कामगार भाऊंनी घरी बसवले. मग एकदा त्यांच्या घरी गेले असताना वहिनी चहा घेऊन आल्या. मी पुन्हा तेच उगाळत होते, की आतल्या रचनेचं एखादं चित्र, एखादा कागद, काही तरी. वहिनी सहज बोलून गेल्या, "अन् त्या कटऱ्याच्या केसमधे त्या पॉलिटेक्निकच्या सरानं खोलून चित्र काढलं होतं, ते नाई चालत का?"

"तू चूप बस," भाऊ म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "कुठली केस?"

वहिनीच म्हणाल्या, "सांगून टाका ना जी. वर्कशॉप बुडालं म्हणजे मग सांगान का?"

कटरे हे वारासिवनी रस्त्यावरचे एक राइस मिलवाले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी भाऊंकडून कनेक्टर घेतला होता. दोन महिन्यांत आतली पत्री तुटली, अर्धवट अडकली आणि धानाचे ट्रक चुकीचे तोलले गेले. शेतकऱ्यांनी मिलसमोर गोंधळ घातला, कटरेंना चोर म्हटलं. कटरे सरळ ग्राहक मंचात गेले. मंचाने सीलबंद नग पॉलिटेक्निकच्या एका प्राध्यापकाकडे पाठवला. त्यांनी तो उघडून आतल्या पत्रीचं मापांसकट चित्र काढलं आणि लिहून दिलं, की कारखान्याचं सील शाबूत आहे, पत्री पातळ आहे, दोष बनावटीचा आहे. भाऊ केस हरले.

म्हणजे मी ज्याच्यासाठी तिरोडी ते हट्टा धूळ खात होते, तो कागद सरकारी शिक्क्यासह, तारखेसह, मापांसह, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर, मंचाच्या कपाटात, पडलेला होता. कंपनीच्या अर्जाच्या दोन वर्षं आधीचा. आणि या माणसाला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. भाऊ ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमाले अर्धंच सांगतलं हिनं."

उरलेलं अर्धं असं होतं. मंचापुढे भाऊंनी शपथेवर लिहून दिलं होतं, की नग माझ्याकडून गेला तेव्हा चांगला होता, कटरेंच्या माणसांनी तो खोलून आतली पत्री बदलली. मंचाने ते मानलं नाही. पण गावाने मानलं. माझ्या कानावर कधी आलं नव्हतं, पण बालाघाटात अजूनही लोक म्हणायचे, कटरेंनी बिचाऱ्या शालिकला फसवलं.

"अन् खरं काय?" मी विचारलं.

"कोणी खोलला नव्हता. पत्री माहीच पातळ होती. सस्त्यात पितळ भेटलं होतं. त्याच साली पूजेपासून बदलून देऊन राह्यलो सगळ्यायच्या. कटरे सोडून. तो मले दारात उभा नाई करत."

तेव्हा मला त्या फुकट पत्र्यांचा अर्थ कळला. माझा राग गेला नाही. खरं सांगायचं तर वाढला. कारण आता माझ्यापुढे असा पेच होता, की प्राध्यापकांचं चित्र म्हणजे भाऊंच्या मूळ मालाचं चित्र, हे सिद्ध करायचं, आणि त्याच फायलीत भाऊंचं शपथपत्र, की हे चित्र माझ्या मालाचं नाहीच, आत कोणीतरी छेडछाड केली आहे. मला मोह झाला, नाही म्हणत नाही. निकाल आणि अहवाल जोडावा, शपथपत्राबद्दल गप्प राहावं. पण अर्धी फाईल देता येत नाही. दिली असती तर उरलेली अर्धी समोरच्या वकिलाने आठवडाभरात काढली असती. आणि नसती काढली तरी ते बरोबर नव्हतं.

मी भाऊंना स्पष्ट सांगितलं. जिंकायचं असेल तर शपथेवर लिहावं लागेल, की तेव्हा मी खोटं बोललो. त्यावरून तुमच्यावर कारवाईसुद्धा होऊ शकते. एखाद्या चांगल्या वकिलाला विचारा. नाव जाईल ते वेगळंच. नाहीतर कंपनीला पाहिजे ते लिहून द्या आणि दुसरं काम शोधा. भाऊ आठ दिवस आले नाहीत. मुदतीला वीस दिवस उरले होते आणि मी रोज फोनकडे बघून दात-ओठ खात होते. नवव्या दिवशी आले आणि उभ्यानेच म्हणाले, "कटऱ्याकडं चाला."

कटरेंनी भाऊंना खरोखरच दारात उभं केलं नाही. ते फाटकाबाहेर मोटारसायकलजवळ थांबले, मी एकटी आत गेले. कटरेंनी अख्खी फाईल प्लास्टिकच्या आवरणात घालून कपाटात ठेवली होती. मी सगळं समजावून सांगितलं, आणि नग कोणी खोलला नव्हता अशी त्यांची साक्ष मागितली. ते सत्तरीचे, ताठ बसणारे. म्हणाले, "मतलब मी जर सांगितलं की शालिकचा माल निकृष्ट होता, तर शालिकचा फायदा?"

"हो."

"ये कौनसा कानून है?"

हा प्रश्न मलाही पुष्कळदा पडला आहे.

"अन् मी नाही सांगितलं तर?"

"तर कंपनी त्याचं दुकान बंद करेल."

त्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगतो. पण माझ्या भाषेत सांगीन, आणि त्याने समोर उभं राहून ऐकायचं."

दोन दिवसांनी कोर्टाच्या आवारात नोटरीच्या टेबलापाशी आम्ही जमलो. कटरेंनी मसुदा स्वतः लिहून आणला होता. त्यात शेवटचं कलम असं, की सदर इसमाचा माल तेव्हा निकृष्ट होता व आजही असेल. "आजही असेल" हे शब्द काढण्यासाठी मी त्यांच्याशी पाऊण तास हुज्जत घातली. पेटंटच्या वकिलांशी इतकी घातली नव्हती. "तुम्ही आजचा माल पाहिलाय का?" असं विचारल्यावर नाइलाजाने खोडले. मग ते उभं राहून मोठ्याने सगळं वाचू लागले. आजूबाजूचे टायपिस्ट, पक्षकार, चहावाला, सगळे थांबून ऐकायला लागले. शेतकऱ्यांनी मिलसमोर काय काय म्हटलं, कोणी दगड मारला, मुलीच्या सासरी काय बोलणं झालं, सगळं. यातलं निम्मं प्रकरणाशी संबंध नसलेलं होतं, पण मी अडवलं नाही. भाऊ हात बांधून उभे होते.

वाचून झाल्यावर भाऊंचं प्रतिज्ञापत्र मी वाचलं. चार ओळींचं होतं. नग माझाच होता. पत्री माझीच होती. कोणी छेडछाड केली नव्हती. तेव्हाचं माझं म्हणणं खोटं होतं. भाऊंनी सही केली. कटरेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भाऊंशी एक शब्द न बोलता निघून गेले.

हरकत अर्ज मुदतीच्या सहा दिवस आधी गेला. सुनावणी व्हायला वर्ष लागलं, आणि ते वर्ष भाऊंनी दोन कामगारांवर आणि ट्रॉलीच्या वेल्डिंगवर काढलं. सुनावणी कॉम्प्युटरवर झाली. दिल्लीचा वकील तरुण, चपळ आणि इंग्रजीत इतका गोड बोलणारा, की आपल्याला टोचलंय हे मागाहून कळावं. त्याने अपेक्षेप्रमाणे तेच पकडलं. "या गृहस्थांनी त्याच वस्तूबद्दल दोनदा शपथ घेतली आहे आणि दोन उलट गोष्टी सांगितल्या आहेत. नेमकं खोटं ते कधी बोलले, तेव्हा की आज?"

मी उत्तर देणार, एवढ्यात माझ्या शेजारी बसलेले भाऊ कॅमेऱ्याकडे झुकले. त्यांना बोलायचा तसा अधिकार नव्हता. मी हाताने खुणावलं, पण ऐकतील तर शपथ.

"साहब, तब. तब झूठ बोला था," ते म्हणाले. "आज तो बोलने में शरम आ रही है, इसलिए सच होगा."

पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यांनी भाऊंना गप्प राहायला सांगितलं. पुढे मी प्राध्यापकांच्या अहवालातलं सील शाबूत असल्याचं वाक्य, मापं, तारीख, निकालाची नक्कल, कटरेंची साक्ष, सगळं क्रमाने मांडलं. चांगलं मांडलं. तीस वर्षांत एवढं चांगलं क्वचितच मांडलं असेन.

निकाल आला तो इंग्रजीत, बावीस पानांचा. पेटंट रद्द. मी भाऊंना बोलावलं, वहिनींनी पेढे आणले. मी निकाल मराठीत सांगत गेले. ही पत्री कंपनीच्या अर्जाआधीच बालाघाट जिल्ह्यात उघडपणे वापरात होती, तिचं चित्र सरकारी कागदपत्रात होतं, म्हणून ती नवी नाही. त्याचा दुसरा अर्थही सांगणं भाग होतं. ही पत्री आता कंपनीची नाही, पण तुमचीही नाही. वीस वर्षांचा हक्क तुम्हालाही कधी मिळणार नाही. उद्या कोणीही बनवू शकतो. हे सांगताना मला ती नऊ वर्षांपूर्वीची पाच मिनिटं पुन्हा टोचली, आणि मी त्यांना तसं सांगितलं. माफी मागितली.

"बनवू द्या ना," भाऊ म्हणाले. "पातळ पितळाची नोको बनवा म्हणा, बस."

मग म्हणाले, "अन् मी खोटं बोललो होतो, ते नाई लिहिलं का त्याइनं?"

लिहिलं होतं. अठराव्या पानावर, स्वच्छ शब्दांत. मी वाचताना ते गाळलं होतं. एवढं सगळं झाल्यावर पेढ्यांच्या पुढ्यात ते कशाला, असं वाटलं होतं. मी कबूल केलं, पान उलटलं आणि ते वाक्य मराठीत सांगितलं: हरकतदाराने पूर्वी शपथेवर खोटं विधान केल्याचं स्वतः मान्य केलं आहे आणि त्यात कटरे यांचा काहीही दोष नव्हता, असं दिसतं.

भाऊंनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "ताई, या पानाची एक नक्कल द्या मले. अन् खाली मराठीत लिहून द्या, मोठ्या अक्षरात. कटऱ्याले नेऊन देतो."

"भाऊ, आता त्याची काही गरज नाही," मी म्हटलं. "पेटंट रद्द झालं. प्रकरण संपलं. आणि ते तुम्हाला दारात उभं करणार नाहीत."

"फाटकापाशी उभा राहीन," भाऊ म्हणाले. "पेटंटचं तुमी पाहा जी. हे माहं हाय."